शर्यतीआधी शरीराला जुळणारी सायकल

पोहायला चष्मा पुरतो, धावायला बूट. ट्रायथलॉनकडे वळणाऱ्या नवख्याचा खिसा रिकामा करते ती सायकल. बोनकोडे, कोपरखैरणे, वाशी भागातून पहाटे पाम बीच मार्गाकडे निघणाऱ्या मंडळींत हा प्रश्न हमखास निघतो : पहिली सायकल कोणती घ्यावी? आमचे उत्तर सरळ आहे. शर्यत पाहून नव्हे, आपले शरीर आणि रोजचा रस्ता पाहून घ्यावी.

या खेळात सायकलला महत्त्व आहे, हे खरेच. नवख्यांसाठी सोयीच्या ‘स्प्रिंट’ प्रकारात ७५० मीटर पोहणे, २० किलोमीटर सायकल आणि ५ किलोमीटर धावणे असते. गोव्यात २०१९ मध्ये सुरू झालेल्या ‘आयर्नमॅन ७०.३’ स्पर्धेतही ११३ पैकी ९० किलोमीटर सायकलवरच कापायचे असतात. त्यामुळे दुकानातली पुढे झुकून चालवायची, हँडलवर कोपरे टेकवायची ‘ट्रायथलॉन बाईक’ खुणावते.

तिच्यामागचे विज्ञान चुकीचे नाही. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो. मात्र त्या विरोधातला मोठा वाटा सायकलचा नसून स्वाराच्या अंगाचा असतो. साध्या रोड बाईकवर हँडलचा खालचा भाग धरून कोपरे वाकवली, तरी त्यातला बराच फायदा फुकट मिळतो. वजनाचेही तसेच. सपाट रस्त्यावर सायकल दोन किलोने हलकी असली, तर २० किलोमीटरमध्ये फरक पडतो तो काही सेकंदांचा. तेवढ्यासाठी दुप्पट किंमत मोजण्यात शहाणपण नाही.

आरोग्याच्या दृष्टीने खरा प्रश्न मापाचा आहे. सीट फार खाली असेल तर गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखते. फार वर असेल तर मागच्या बाजूला ताण येतो. हँडल लांब पडले की मान आणि कंबर आखडते. तळहातावर सतत भार आला की करंगळी आणि अनामिकेला मुंग्या येतात, कारण तिथली नस दाबली जाते. घरच्या घरी एक तपासणी करता येते. सीटवर बसून टाच पॅडलवर ठेवा. पॅडल सर्वात खाली असताना पाय जवळजवळ सरळ व्हायला हवा. मग पावलाचा पुढचा भाग पॅडलवर ठेवला की गुडघा हलका वाकतो आणि सीटची उंची साधारण बरोबर येते. फ्रेमच मापाची नसेल, तर मात्र सीट वरखाली करून भागत नाही.

रस्त्याचेही ऐकावे लागते. २८ फेब्रुवारी २०२४ रोजी पहाटे पाम बीच मार्गावर नेरुळजवळ टॅक्सीच्या धडकेने सायकलस्वार अवतार सैनी यांचा मृत्यू झाला. इंटेलच्या भारतातील कामाचे ते माजी प्रमुख होते. या घटनेत त्यांच्या सायकलचा दोष नव्हता. पण हा रस्ता किती बेभरवशाचा आहे, हे तिने दाखवून दिले. कोपरे टेकवून चालवताना हात ब्रेकपासून दूर असतात. सिग्नल, खड्डे आणि अचानक उघडणारे गाड्यांचे दरवाजे असलेल्या रस्त्यावर नवख्याने ही जोखीम घेऊ नये. रुंद टायर बसतील अशी फ्रेम, पावसातही भरवशाचे ब्रेक, मागेपुढे दिवे आणि हेल्मेट यांवर आधी खर्च करावा.

मग करावे काय? घरात गिअरची, मापाची हायब्रिड असेल तर पहिली स्प्रिंट तिच्यावरच करावी. नवीच घ्यायची तर अ‍ॅल्युमिनियमची साधी रोड बाईक पुरेशी आहे. जुनी घेताना फ्रेमला तडा नाही ना, हे जाणकाराकडून पाहून घ्यावे. कोपरे टेकवायचे दांडे नंतरही बसवता येतात. वर्षभर नियमित सराव झाला, आवड टिकली, की महागड्या सायकलचा विचार जरूर करावा.

खाडीवरून येणाऱ्या दमट, खाऱ्या हवेत न वापरलेली सायकल लवकर गंजते. इमारतीच्या जिन्याखाली धूळ खात पडलेल्या लाखमोलाच्या यंत्रापेक्षा आठवड्यातून चार दिवस बाहेर पडणारी साधी सायकल हृदयाला आणि फुप्फुसांना अधिक देते.