दारावरचा डोळा

आमच्या वयाच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या दारावर एव्हांना कॅमेरा आला असेल. मुलें पुण्यास, मुंबईस किंवा समुद्रापार. घरांत आपण दोन म्हातारीं माणसें. तेव्हां मुलानें सुटींत यावें, कारागीर बोलवावा, भिंतीस भोंक पाडवून घ्यावें आणि "बाबा, आतां काळजी नाहीं" असें म्हणून परत जावें, हा क्रम घरोघर सारखाच आहे. आमच्याकडे अंबाजोगाईस तो दोन वर्षांपूर्वीं घडला. कॅमेरा दिंडीवर पंधरा फूट उंच बसला, चित्रें सांठविणारी त्याची पेटी, जिला डीव्हीआर म्हणतात, ती फडताळांत गेली, आणि त्यानंतर आम्हीं त्या दोहोंकडे ढुंकूनहि पाहिलें नाहीं. भिंतीवरच्या घड्याळास किल्ली द्यावी लागते हें आम्हांस कळतें. पण यंत्राचा डोळाहि चिपडतो, हें कोणी सांगितलें नव्हतें.

गेल्या पौषांत शेजारच्या वाड्यांतून एक तांब्याचें घंगाळ व दोन हंडे रात्रींतून नाहींसे झाले. शेजारच्या काकूंच्या आजेसासूबाईंच्या हातचीं तीं भांडीं. त्यांना झालेलें दुःख मोडीच्या भावानें मोजण्यासारखें नव्हतें. "गुरुजी, तुमच्या कॅमेऱ्यांत कांहीं आलें आहे का, पाहा बरें," म्हणून गल्लींतील पांचसहा मंडळी सकाळींच आमच्या ओसरीवर जमली.

चित्रांत रात्रीं तीन वाजून वीस मिनिटांनीं एक पांढुरकी आकृति दिंडीपुढून गेली. डोक्यावरून शाल किंवा घोंगडी, हातांत कांहीं जड वस्तु, आणि चेहऱ्याच्या जागीं कणकेचा गोळा. सर्व चित्रावर धुकें पसरलेलें, व मधूनच एक पांढरा दोर हेलकावे घेत होता. दोनदां पाहिल्यावर कोणीसें म्हणालें, "हा तर आपला दूध घालणारा पोरगा!" तिसऱ्यांदां पाहतांना तो आम्हां सर्वांस तोच दिसूं लागला. चाल तीच, खांदा तसाच एका बाजूस झुकलेला. आम्हींहि मान हालविली. हें लिहितांना संकोच होतो, परंतु लिहिणें प्राप्त आहे.

मुलगा पंधरासोळा वर्षांचा. आईबाप दसऱ्यानंतर ऊसतोडीस जातात; त्या दिवसांत आपल्या बीड जिल्ह्यांतील किती घरांना कुलपें लागतात तें आम्हीं सांगावयास नको. हा आजीजवळ राहतो, पहांटे दूध घालतो व मग शाळेंत जातो. दुपारपर्यंत त्याच्या आजीच्या दाराशीं दोघेचौघे जाऊन बोलून आले, आणि तीन घरांनीं त्याचा रतीब बंद केला.

तर्कसंग्रह शिकलेल्यास संशयाचें उदाहरण पाठ असतें: दूरवर अंधुक दिसणारा तो खांब कीं माणूस? मग त्याच्यापुढें विपर्यय येतो, म्हणजे शिंपल्यास रुपें समजणें. संशयांत असलेले आम्ही, नवें प्रमाण एकहि मिळालें नसतां, विपर्ययांत केव्हां गेलों हें आमचें आम्हांसच कळलें नव्हतें. त्या रात्रीं झोंप लागली नाहीं. दुसऱ्या रात्रीं बरोबर तीनच्या ठोक्यास आम्ही डोक्यावरून शाल पांघरून, हातांत पाण्यानें भरलेली बादली घेऊन दिंडीपुढून चालत गेलों. सकाळीं कांहीं न सांगतां तें चित्र घरांत दाखविलें. "अगबाई! मेला पुन्हां आला होता कीं!" असा उद्गार निघाला. चाळीस वर्षें संसार केलेल्या माणसासहि जेथें आम्ही ओळखूं आलों नाहीं, तेथें त्या पोराची काय कथा?

पण त्याहून मोठा धक्का पुढेंच होता. आम्ही तीन वाजतां चाललों होतों, आणि चित्रावर वेळ होती दीडची.

मग आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यास बोलाविलें. तो हल्लीं हींच कामें करतो. त्यानें पेटींतील घड्याळ पाहिलें व हंसला. आपला भारतीय काल ग्रिनिचच्या साडेपांच तास पुढें. पूर्वींच्या कारागिरानें यादींतून चार तास पुढचा, म्हणजे दुबईकडचा, काल निवडलेला होता. तेव्हां चित्रांतील तीन वीस म्हणजे आपल्याकडचे चार पन्नास. दुधाची वेळ! मागील आठ दिवसांचीं चित्रें काढून पाहिलीं, तों रोज त्याच सुमारास तीच आकृति, तीच शाल, तीच जड वस्तु हातांत घेऊन जातांना दिसली. ती जड वस्तु म्हणजे दुधाची किटली होती, व तींतलें अर्धा लिटर आमच्याच घरीं येत होतें.

वेळेची ही गोष्ट क्षुल्लक समजूं नये. २०१४ च्या विधानसभेच्या निवडणुकींत शेजारच्या जालन्यास उमेदवारी अर्ज दुपारीं तीनच्या आंत आले कीं नंतर, हा वाद निवडणूक अधिकाऱ्याच्या कचेरींतील चित्रणावरूनच लढला गेला, आणि सर्वोच्च न्यायालयानें त्याचा निकाल १४ जुलै २०२० रोजीं दिला. मूळ यंत्र न्यायालयापुढें आणलें नसेल तर चित्रणाच्या नकलेसोबत कायद्यानें सांगितलेलें प्रमाणपत्र पाहिजेच, असें त्यांत ठरलें. १ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्येंहि ती अट आहे. न्यायासनापुढें इतकी चौकशी, आणि ओसरीवर मात्र आमची एक मान पुरली.

आतां तें धुकें. शिडी लावून विद्यार्थी वर चढला तों कांचेवर कोळ्याचें जाळें, आणि त्याखालीं कारखान्यांतून आलेला पातळ पारदर्शक पापुद्रा अद्याप तसाच! रात्रीं हे कॅमेरे डोळ्यांस न दिसणारा अवरक्त प्रकाश स्वतःच टाकतात. किडे तेथें जमतात, व किड्यांमागोमाग कोळी येतो. जाळें अगदीं भिंगाजवळ असल्यामुळें तो प्रकाश त्यावरूनच परततो. कॅमेऱ्यास वाटतें उजेड उदंड आहे, आणि तो पलीकडचें सारें काळवंडून टाकतो. हेलकावणारा दोर तो हाच. वळचणीची पांढरी कड किंवा वेलीची फांदी भिंगापुढें आली तरी हेंच होतें. पापुद्रा काढला, कांच मऊ ओल्या सुती कापडानें पुसली, आणि निम्में धुकें तेथेंच गेलें.

उरलेला दोष पेटींत होता, व आमच्या मतें तोच मुख्य. कॅमेरा दोन मेगापिक्सेलचा, म्हणजे चित्राच्या रुंदींत १९२० ठिपके व उंचींत १०८०. परंतु सांठवण पुष्कळ दिवस पुरावी म्हणून पेटींत चित्र लहान करून, ३५२ गुणिले २८८ असें, ठेवलें जात होतें. वाचकांनीं गुणाकार करून पाहावा: वीस ठिपक्यांच्या जागीं एक. आमच्या चित्रांत दिंडीपुढची सुमारें सहा मीटर रुंदी मावते; त्यांत ३५२ ठिपके वांटले तर वीतभरहि नसलेल्या चेहऱ्याच्या वाट्यास आडवे नऊ ठिपके येतात. अनोळखी माणसाची ओळख निःसंशय पटावयाची तर मीटरमागें २५० ठिपके असावेत, असा ह्या शास्त्राचा संकेत आहे. आमच्याकडे साठहि नव्हते. नऊ ठिपक्यांत नाक, डोळे कोठून येणार? ते आम्हीं आमच्या मनांतले घातले. मागाहून चित्र ताणून मोठें केल्यानेंहि कांहीं साधत नाहीं. ठिपके मोठे होतात, वाढत नाहींत.

पूर्ण मापाचें चित्र ठेवल्यास आमच्या एका कॅमेऱ्यास दिवसाला सुमारें ४३ जीबी जागा लागते, म्हणजे एक टीबीच्या डिस्कवर तेवीस दिवस मावतात. तेवीस दिवस आम्हांस पुष्कळ झाले. पुण्यास मुलगा मोबाइलवर पाही तेंहि अंधुक असे. तेथें केवळ एचडीचें बटण दाबावयाचें होतें. कॅमेरा पंधरा फुटांवरून नऊ फुटांवर उतरविला, कारण इतक्या वरून माणसाची टोपीच दिसते. शिवाय अंधारांत कॅमेरा प्रत्येक चित्रास अधिक वेळ घेतो, व पंचविसाव्या भाग सेकंदांतहि चालता माणूस पांच सेंटिमीटर पुढें सरकतो, म्हणून चेहरा फराटतो. त्यावर उपाय दिव्याचा. दिंडींत नऊ वॉटचा एक दिवा रात्रभर जळतो.

हें सर्व गल्लींत सर्वांना बोलावून दाखविलें, बादलीसह. मंडळी हंसली, मग गप्प झाली. त्याच संध्याकाळीं काकूंना बरोबर घेऊन आम्ही त्या मुलाच्या आजीकडे गेलों. तिनें बसावयास पोतें टाकलें. आमचें सांगून झाल्यावर ती एवढेंच म्हणाली, "गुरुजी, तुमीबी व्हय म्हणलाव म्हणं?" आम्हीं होय म्हटलें.

भांडीं अद्याप सांपडलीं नाहींत. चोर परसदारानें आला असावा, आणि तिकडे कोणाचाच कॅमेरा नाहीं. तीन घरांपैकीं दोन घरांनीं रतीब पुन्हां लावला. तिसऱ्या घरचे म्हणतात, "नसेलहि तो, पण उगीच कशाला?"