उंच केलेली जीप आणि मागून येणारा आवाज



उटनूरच्या आपल्या मराठी घरांच्या आठवणींत आजवर पोळा झाला, कापसाचे दिवस झाले, किनवटहून येणारे पाहुणे झाले. जीपवर मात्र कुणी लिहिलं नाही. म्हणून आज जीपवर लिहितो. आठवणीसोबत थोडं मतही मांडतो, कारण आपल्या घरातली पोरं आता पुन्हा जुन्या जीप शोधून आणत आहेत. आणल्या की पहिलं काम म्हणजे गाडी चार इंच वर उचलायची आणि मोठे टायर टाकायचे. दुसऱ्या महिन्यात तक्रार सुरू होते, "काका, मागून आवाज येऊन राहिला." मग क्रॉस बदल, बेरिंग बदल, हाउसिंग उघड. पैसे जातात, आवाज तिथेच.

माझं मत आधीच सांगून टाकतो. उंच केलेल्या गाडीचा मागचा आवाज हा बहुतेक वेळा कोनाचा आवाज असतो. कोन न बघता पार्ट बदलला तर नवा पार्टही त्याच वाटेने जातो. आणि जुन्या जीपच्या बाबतीत यात जिवाचाही प्रश्न आहे, तो पुढे सांगतो.

आधी थोडं मागचं. जीप ही मुळात दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यासाठी बनलेली विलीजची गाडी. स्वातंत्र्यानंतर महिंद्रांनी मुंबईत तिची जुळणी सुरू केली आणि ती हळूहळू खेड्यापाड्यांत पोचली. आपल्याकडे काळी माती, पावसाळ्यात भरून वाहणारे ओढे, मध्येच घाट. अशा ठिकाणी जीपशिवाय होतंच काय? १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, तोवर आदिलाबाद जिल्ह्यात असलेलं किनवट नांदेडकडे गेलं, आपण इकडे राहिलो. पण सोयरीक काही सरकारी नकाशा बघून तुटत नाही. लग्नाचं वऱ्हाड, माहूरचं दर्शन, लेकीला माहेरी आणणं, पौष अमावास्येला केसलापूरच्या नागोबाची जत्रा, सगळं जीपने. मागच्या दोन फळ्यांवर समोरासमोर गुडघे लावून बसायचं आणि उतरलं की आधी पदराने नाहीतर उपरण्याने धूळ झटकायची, हे ज्यांनी केलं त्यांना वेगळं सांगायला नको.

आमचे थोरले काका जीप चालवत. शिक्षण चौथी. पण गाडीला नवा आवाज लागला की गाडीत कुणी बोललेलं त्यांना चालत नसे. "गप बसा रे, गाडी काय म्हणते ऐकू द्या," म्हणायचे. मोठे झाल्यावर पुस्तकातून वाचलं तेव्हा कळलं की ते जे करायचे तीच आवाज शोधायची खरी पद्धत.

आता कोन म्हणजे काय ते बघू. गिअरबॉक्सच्या मागच्या ट्रान्सफर केसपासून मागच्या हाउसिंगपर्यंत जाणारी लोखंडी नळी म्हणजे प्रोपेलर शाफ्ट. तिच्या दोन्ही टोकांना क्रॉस असतो. अधिकच्या चिन्हासारखा तुकडा, चार टोकांना चार टोप्या, टोप्यांच्या आत सुयांसारख्या बारीक बेरिंग. चाक खड्ड्यात गेलं, हाउसिंग वर-खाली झालं, तरी शाफ्ट वाकड्यातिकड्या कोनातून फिरत राहतो तो या क्रॉसमुळे.

पण क्रॉसचा एक जन्मजात स्वभाव आहे. तो वाकलेला असताना एकसारखा फिरवत नाही. एका फेऱ्यात दोनदा पुढचं टोक थोडं जोरात जातं, दोनदा थोडं मागे पडतं. दहा अंशांच्या कोनाला हा फरक साधारण दीड टक्का, वीस अंशांना सहा टक्क्यांच्या आसपास. म्हणजे कोन दुप्पट झाला की धक्का चौपट. मग यावर उपाय काय? दुसरा क्रॉस. एका क्रॉसने केलेली गडबड दुसरा क्रॉस मोडून काढतो. अट एकच, दोन्हीकडचे कोन सारखे हवेत आणि शाफ्टच्या दोन्ही टोकांचे काटे एका रेषेत हवेत. सतराव्या शतकात रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने या सांध्याचा अभ्यास केला, म्हणजे ही गोष्ट काही नवी नाही.

आता पोरं काय करतात बघा. पाट्यांत जास्तीचा पाटा घालतात, किंवा लांब शॅकल लावतात, किंवा हाउसिंगखालून जाणारे पाटे हाउसिंगच्या वर घेतात. गाडी वर गेली, हाउसिंग जमिनीजवळच राहिलं. शाफ्ट तेवढा तिरका झाला. शाफ्ट साठ सेंटिमीटरचा असेल आणि गाडी दहा सेंटिमीटर उचलली, तर साडेनऊ अंश वाढले. तोच शाफ्ट एकशेवीस सेंटिमीटरचा असता तर पाच अंशांच्या आतच राहिले असते. म्हणून आखूड जीप लवकर ओरडते आणि लांब गाडी बरेच दिवस सहन करते. त्यात लांब शॅकलने हाउसिंग थोडं फिरतं, म्हणजे पिनियनचं तोंडही दिशा बदलतं. दोन्हीकडचे कोन सारखे राहत नाहीत. मग गाडी थरथरते, क्रॉसच्या टोप्या तापतात, ग्रीस सुकतं. नवा क्रॉस टाकला तरी कोन तोच.

तेव्हा पाना उचलण्याआधी अर्धा तास आवाज शोधायला द्या. मी सांगतो तो क्रम असा.

पहिलं, टायर वगळा. मोठ्या नक्षीचे टायर डांबरावर घोंघावतातच. गुळगुळीत डांबर, खडबडीत डांबर आणि मातीचा रस्ता, तिन्हीवर गाडी न्या. रस्ता बदलला की आवाज बदलत असेल तर हाउसिंगला हात लावू नका.

दुसरं, आवाज इंजिनच्या मागे धावतो की चाकांच्या, हे बघा. मोकळ्या रस्त्यावर ताशी चाळीसला तिसऱ्या गिअरमध्ये ऐका, मग तेवढ्याच वेगाला चौथ्यात ऐका. इंजिनचे फेरे बदलले तरी आवाज तोच राहिला तर तो गिअरबॉक्सच्या पुढचा, म्हणजे शाफ्टचा, हाउसिंगचा नाहीतर चाकाचा.

तिसरं, ताल ऐका. ताशी साठला चाक सेकंदाला सात-आठ फेरे घेतं, शाफ्ट त्याच्या चार-पाच पट. मोजता येईल असा धप-धप ताल असेल तर चाकाकडे बघा. बारीक, न मोजता येणारी थरथर पायाखालच्या पत्र्यातून येत असेल तर शाफ्टकडे. आणि अगदी हळू, माणसाच्या चालीने गाडी जाताना चिमणीसारखं चिक-चिक ऐकू येत असेल तर कोरडा पडलेला क्रॉस. त्या टोपीच्या कडेला लालसर गंजाची पूड दिसेल.

चौथं, ॲक्सिलरेटर दाबताना आणि सोडताना फरक ऐका. दाबताना कुंई करणारा आणि सोडला की बदलणारा सूर हा सहसा क्राऊन-पिनियनचा किंवा पिनियनच्या बेरिंगचा. दाबल्या-सोडल्याबरोबर एकच "खट्" होत असेल तर कुठेतरी खेळ आहे. सपाट जागी चाकांना पुढून-मागून दगड लावा, इंजिन बंद, गाडी न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला. मग खाली जाऊन शाफ्ट हाताने उलटसुलट फिरवून बघा. क्रॉसच्या टोपीतच हालचाल दिसली तर क्रॉस गेला. क्रॉस घट्ट आणि पिनियन हलतोय तर हाउसिंगमध्ये बघावं लागेल, कारण थोडा खेळ तिथे असतोच, पण फार असू नये.

पाचवं, वळणावर ऐका. डावीकडे वळताना भार उजव्या चाकावर येतो. तेव्हा घरघर वाढली तर उजव्या बाजूची बेरिंग बघा. सरळ रस्त्यावर गाडी शांत आणि फक्त वळणावर कटकट करत असेल तर हाउसिंगमधल्या छोट्या गिअरांचा संशय घ्या.

सहावं, आणि हे मला सगळ्यात आवडतं. मागे चार पोती ठेवा. भार पडला, पाटे बसले, गाडी थोडी खाली आली. आवाज कमी झाला का? मग कोनच. याहून स्वस्त परीक्षा कुठे मिळणार?

हाउसिंगचं ऑईलही एकदा काढून बघाच. आपल्या ओढ्यांतून गाडी काढली की हवा सोडायची बारीक नळी चिखलाने बुजते, पाणी आत जातं आणि ऑईल ताकासारखं पांढुरकं होतं. अशा ऑईलवर क्राऊन-पिनियन किती दिवस टिकणार? बारीक चमकीसारखी भुकटी थोडी असतेच, पण लोखंडाचे कण हाताला टोचत असतील तर गाडी उभी करा.

आता जिवाची गोष्ट. जुन्या विलीजच्या घराण्यातल्या जीपमध्ये हँडब्रेक चाकांना नसतो, ट्रान्सफर केसच्या मागे शाफ्टवरच असतो. शाफ्ट तुटला की मागच्या चाकांची ओढ गेली आणि त्याच क्षणी हँडब्रेकही गेला. घाटात, चढावर, गाडीत लेकरंबाळं असताना याचा अर्थ काय होतो, हे मी वेगळं लिहीत नाही. शिवाय शाफ्टचं पुढचं टोक सुटून रस्त्यात रुतलं तर गाडी मागून उचलली जाते. म्हणून क्रॉसचा चिक-चिक आवाज "चालतंय चालतंय" म्हणून सोडून देणं मला पटत नाही. शाफ्ट काढून गाडी तपासायची वेळ आली तरी हेच ध्यानात ठेवा, दगड लावल्याशिवाय खाली शिरू नका.

कुणी म्हणेल, "काका, पूर्वी एकेका जीपमध्ये पंधरा-पंधरा माणसं बसायची, तेव्हा कोण अंश मोजत होतं?" बरोबर आहे. पण ती जीप कारखान्याने दिलेल्या उंचीची होती आणि माणसांच्या भाराने आणखी खाली बसलेली असायची. पाटे मोडायचे, बेरिंगा जायच्या, पण शाफ्ट फारसा तिरका नव्हता. आणि चालवणारा रोज सकाळी ग्रीस मारत होता. पंधरा माणसं बसवणं चांगलं होतं असं मी म्हणत नाही, पण ती तुलना इथे लागू पडत नाही.

गाडी उंच करूच नका, असंही माझं म्हणणं नाही. शेताला, जंगलवाटेला, ओढ्याला दोन इंच उपयोगी पडतात. पण उंची वाढवली तर शाफ्टचा हिशेब त्याच दिवशी करा. कोन मोजायला आता मोबाईलही पुरतो, ट्रान्सफर केसच्या मागच्या फ्लँजवर आणि पिनियनच्या फ्लँजवर टेकवून दोन आकडे वहीत लिहा. ते जुळत नसतील तर पाटा आणि हाउसिंग यांच्यामध्ये योग्य अंशाची लोखंडी पाचर बसते. लाकडाचा गुटका कधीच नको. क्रॉसचा कोन तीन अंशांच्या आसपास राहिला तर उत्तम, फारच वाढत असेल तर उंची कमी करणं हाच स्वस्त उपाय. शाफ्ट सोडताना दोन्ही तुकड्यांवर खडूने नाही, पंचने खूण करा. जोडताना एक दाता जरी चुकला तरी काटे रेषेत राहत नाहीत आणि नवीनच थरथर सुरू होते.

कायद्याचंही ध्यानात असू द्या. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्याला आडवं येतं, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. ज्या गाडीत भाड्याने माणसं बसतात, ती तर मुळीच उचलू नये असं मला वाटतं. तिथे हौस आपली आणि जोखीम दुसऱ्याची होते.

मिस्त्रीकडे जाताना "आवाज येतो" एवढंच सांगू नका. किती वेगाला येतो, दाबताना की सोडताना, वळणावर की सरळ, रिकामी असताना की भरलेली, एवढं चार ओळींत लिहून न्या. आपल्या उटनूरचे मिस्त्री हुशार आहेत, उर्दू, तेलुगू, मराठी सगळं त्यांना समजतं. अर्धवट माहिती दिली तर ते तरी काय करणार, समोर दिसेल तो पार्ट बदलणार.

तुमच्या घरी जीप होती का? कुठली, कुणी चालवायचं, तिचा कुठला आवाज अजून कानात आहे? जाणत्या मंडळींनी नक्की लिहा. आणि घरातल्या ज्या पोराने नुकतीच गाडी उचलून घेतली आहे, त्याला हे वाचायला द्या. पुढच्या घाटाआधी त्याने एकदा खाली वाकून शाफ्ट हलवून बघावा, एवढीच इच्छा.