मिचमिचणाऱ्या डोळ्यांचे म्हणणे

मूल सारखे डोळे मिचकावू लागले, की घरात तीन इलाज सुरू होतात. आजी मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढते, वडील ‘ही सवय सोड’ म्हणून दटावतात आणि आई औषधांच्या दुकानातून थेंबांची बाटली मागवते. तिन्हींमागे मायाच असते. पण मुलाच्या डोळ्याला नेमके काय होते आहे, हा साधा प्रश्न मात्र राहून जातो. बारामती आणि इंदापूर या तालुक्यांत ऊन, धूळ, धूर आणि आता मोबाईल असे सारेच मुलांच्या डोळ्यांच्या वाट्याला येते. त्यामुळे तेथे हा प्रश्न घरापुरता राहत नाही. तो शाळेचा आणि सरकारी आरोग्ययंत्रणेचाही होतो.

पापणी लवते तेव्हा अश्रूंचा पातळ थर डोळ्यावर पसरतो आणि धुळीचे कण धुतले जातात. मोठ्या माणसाची पापणी मिनिटाला साधारण १५ ते २० वेळा लवते. त्याहून फार अधिक उघडझाप होऊ लागली, तर तिला काही कारण असते. अमेरिकेत अशा ९९ मुलांची तपासणी करून २००१ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ३७ टक्के मुलांच्या पापण्यांत किंवा डोळ्याच्या पुढच्या भागात दोष आढळला. २३ टक्के मुलांत ती निव्वळ लकब होती, १४ टक्के मुलांना चष्म्याची गरज होती, तर ११ टक्के मुलांत अधूनमधून डोकावणारा तिरळेपणा निघाला. दृष्टीवर बेतणारे आजार क्वचितच सापडले. म्हणजे घाबरून जाण्याचे कारण नाही. पण दुर्लक्ष करण्याचेही नाही.

आता आपल्या भागाकडे पाहू. नीरा डाव्या कालव्याखालचा पट्टा हिरवागार असला, तरी जिरायती गावांत उन्हाळ्यात फुफाटा उडतो. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर, बिजवडी येथील कारखान्यांचा हंगाम सुरू झाला, की ऊस तुटलेल्या रानात पाचट पेटते आणि धूर वस्तीवर येतो. ज्या मुलाला ॲलर्जीची प्रवृत्ती आहे, त्याचे डोळे अशा हवेत खाजतात. ते चोळते आणि डोळे अधिकच मिचमिचतात. येथेच दुकानातून परस्पर आणलेली बाटली घात करू शकते. काही थेंबांत स्टेरॉइड असते. त्याने दोन दिवसांत आराम पडतो, म्हणून तेच औषध महिनोन्‌महिने घातले जाते. त्यातून काचबिंदू किंवा मोतीबिंदू होऊ शकतो. काचबिंदूने गेलेली दृष्टी परत येत नाही.

मोबाईलची गोष्ट थोडी उलटी आहे. पडद्याकडे एकटक पाहताना पापणी फारच कमी लवते. डोळा कोरडा पडतो आणि मग चुरचुर व उघडझाप सुरू होते. दोन ते पाच वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासापेक्षा अधिक पडदा नको, असे भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ साली सांगितले आहे. दुसरीकडे, मोकळ्या उजेडात खेळणाऱ्या मुलांत जवळचा नंबर लागण्याचे प्रमाण कमी असते. हे ओळखून तैवानने २०१० पासून शाळकरी मुलांना रोज दोन तास बाहेर काढण्याची मोहीम घेतली. आपल्याकडे अंगण आहे, मैदान आहे; फक्त मूल तेथे असायला हवे.

लकबीबाबत मात्र दटावणे हाच सर्वांत वाईट उपाय. लकब मुलाच्या पूर्ण ताब्यात नसते. ताण आला, कोणी चिडवले, की ती वाढते. बहुतेक मुलांत ती काही महिन्यांत आपोआप मावळते. पण ती लकबच आहे, हे डोळे तपासल्यानंतर ठरवायचे, त्याआधी नव्हे.

मग तपासणार कोण? अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम देशात १९७६ पासून आहे. त्यातून शाळकरी मुलांना मोफत चष्मेही मिळतात. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात वैद्यकीय पथकाने अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा यावे, अशी योजना आहे. बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. यंत्रणा नाही, असे म्हणता येणार नाही. परंतु पथक वर्षातून एकदा येणार आणि मुलाचा डोळा मात्र कोणत्याही महिन्यात बिघडणार. शिवाय बीड, अहिल्यानगरकडून ऊसतोडीला आलेल्या कुटुंबांतील मुले अर्धे वर्ष गावी, अर्धे वर्ष फडावर. दोन्हीकडच्या तपासणीतून निसटण्याचा धोका सर्वांत जास्त त्यांनाच. म्हणून हंगामात एक फेरी कारखान्याच्या तळावरही ठेवली पाहिजे. पथकाची वाट न पाहता शिक्षकाने मूल पुढे पाठवावे, अशी सोपी वाटही हवी. फळ्यावरचे दिसत नाही म्हणून पुढे सरकणारे, उन्हात एक डोळा मिटणारे, सारखे डोळे चोळणारे मूल सर्वांआधी गुरुजींच्याच नजरेस पडते.

पालकांनी एवढे लक्षात ठेवावे. उघडझाप दोन-तीन आठवड्यांत थांबली नाही तर डोळे तपासून घ्यावेत. डोळा लाल झाला, दुखू लागला, उजेड सहन होईना, डोळा तिरळा दिसू लागला किंवा बाहुलीत पांढरी चमक दिसली, तर एक दिवसही थांबू नये. एका डोळ्याची नजर मंद राहिली असेल, तर तिच्यावरचा उपचार सात-आठ वर्षांच्या आत सुरू झाल्यास अधिक लाभतो. पुढे तो कठीण होत जातो. ‘मला अंधूक दिसते’ हे लहान मुलाला सांगता येत नाही. जग असेच दिसते, असे त्याला वाटत असते. त्याला जे बोलता येत नाही, ते त्याच्या पापण्या सांगत असतील. दृष्ट काढायची तर जरूर काढावी. पण दृष्टी तपासून घेतल्यावर.