उशाशी बसणाऱ्याचे आरोग्य

चरकसंहितेने चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषध, उपस्थाता आणि रुग्ण. उपस्थाता म्हणजे रुग्णाची शुश्रूषा करणारा. उपचारांचे ज्ञान, दक्षता, रुग्णाविषयी प्रेम आणि शुचिता हे गुण त्याच्या अंगी असावेत, अशी ग्रंथाची अपेक्षा आहे. आज वैद्याला शुल्क मिळते, औषधाला किंमत असते, रुग्णाच्या नावाने केसपेपर निघतो. हा तिसरा पाद मात्र कोणत्याच नोंदवहीत आढळत नाही. बहुतेक घरांत तो म्हणजे सून, पत्नी अथवा मुलगी असते.

बोरघाटाच्या पायथ्याशी वसलेल्या खोपोलीसारख्या कारखान्यांच्या गावात कर्ता पुरुष पाळीवर जातो आणि पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांची उठबस सुनेकडे येते. मोठ्या तपासणीसाठी मुंबई गाठायची तर पहाटेची लोकल पकडून त्यांच्यासोबत तिनेच जायचे. सासऱ्यांची गोळी घड्याळाच्या काट्यावर दिली जाते. तिची रक्तदाबाची गोळी राहून जाते. त्यांना मऊ भात वेळेवर मिळतो. तिचे जेवण दुपारी तीन वाजता, तेही उरलेसुरले. रात्री चारदा उठावे लागते. कंबर दुखते, भूक चहावर भागते, क्वचित मिश्रीचाही आधार घेतला जातो.

यावर तिला मिळणारा सल्ला ठरलेला असतो: ‘प्रकृतीला जपा, सकाळी फिरायला जा.’ पण त्या वेळी रुग्णापाशी कोणी बसायचे? पथ्यपाणी तिला ठाऊक नाही असे थोडेच आहे? दुसऱ्याचे पथ्य तीच तर सांभाळत असते. उणीव ज्ञानाची नव्हे, वेळेची आहे. केंद्र सरकारच्या २०२४ च्या कालविनियोग पाहणीनुसार १५ ते ५९ वयोगटातील ४१ टक्के स्त्रिया घरातील माणसांची देखभाल करतात. पुरुषांचे प्रमाण २१.४ टक्के आहे. अशा स्त्रीचे दिवसाला सरासरी १४० मिनिटे या कामी जातात, तर पुरुषाची ७४. यात बालसंगोपनही आले. तथापि भार कोणाकडे झुकला आहे, हे त्यावरून स्पष्ट होते.

सेवेत तास मोजणे शोभत नाही, असे म्हटले जाते. मायेला तास नसतील, शरीराला असतात. तीच कोसळली, तर घरात एकाचे दोन रुग्ण होतात. २००७ च्या कायद्याने वृद्ध आईवडिलांच्या चरितार्थाची जबाबदारी मुलांवर टाकली. शुश्रूषा करणाऱ्याच्या विश्रांतीचा विचार त्यात नाही.

उपाय फार खर्चाचे नाहीत. रुग्णाचा रक्तदाब पाहणाऱ्या डॉक्टरांनी सोबत आलेल्या बाईचाही पाहावा. आशा सेविकेने रुग्णाबरोबर तिचीही विचारपूस करावी. वृद्धांना दिवसा काही तास सांभाळणारे एखादे केंद्र नगरपरिषदेला चालविता येईल. आणि मुलाने आठवड्याच्या सुट्टीचा दिवस वडिलांच्या उशाशी काढावा. त्याला सरकारी आदेशाची वाट पाहावी लागत नाही.