सुहैली आणि जोशुआ : मुंबईचे सागवान, फ्रान्सचे पोलाद

१. शिडाच्या नौकेतून एकट्याने, कोठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा. १९६८ पर्यंत हे कोणालाही साधले नव्हते. त्या वर्षी लंडनच्या 'संडे टाइम्स'ने 'गोल्डन ग्लोब' ही शर्यत जाहीर केली. नऊ जण निघाले. शर्यत एकानेच पूर्ण केली. त्याची नौका मुंबईत बांधलेली होती. आजचा धागा त्या नौकेविषयी आणि तिच्या सर्वांत तुल्यबळ प्रतिस्पर्धी नौकेविषयी.

२. पहिली 'सुहैली'. लांबी सुमारे ३२ फूट, बांधणी सागवानाची, नाविक ब्रिटिश व्यापारी नौदलातील रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन. दुसरी 'जोशुआ'. लांबी सुमारे ३९ फूट, बांधणी पोलादाची, नाविक हनोईत जन्मलेला फ्रेंच बर्नार म्वातेसिए. दोन्ही नौकांना दोन डोलकाठ्या, दोन्ही मागच्या टोकालाही निमुळत्या, दोन्ही वेगापेक्षा वादळाचा विचार करून आखलेल्या. म्हणूनच ही तुलना अर्थपूर्ण ठरते.

३. सुहैलीची कुळकथा मनोरंजक आहे. नॉक्स-जॉन्स्टन व त्याच्या साथीदारांनी इंग्लंडहून एक आराखडा मागवला. हाती आला दुसराच. तो होता अमेरिकन आरेखक विल्यम अ‍ॅटकिन यांनी १९२० च्या दशकात केलेला 'एरिक'. त्याचे मूळ नॉर्वेच्या कॉलिन आर्चरने बचावकार्यासाठी आखलेल्या नौकांत. मुंबईच्या सुतारांनी तो वाकस आणि दोरीने फिरणारा सामता अशा हत्यारांनी सागवानात उतरवला. १९६४ च्या अखेरीस नौका पाण्यात उतरली.

४. जोशुआ १९६२ ची. समुद्रापासून दूर, शोफाय या फ्रेंच गावातील लोखंडकामाच्या कारखान्यात ती पोलादी पत्रे जोडून तयार झाली. पैसा बेताचाच, डोलकाठ्या म्हणून तारेचे खांब वापरले गेले. १९६६ पर्यंत म्वातेसिए पत्नीसह ताहितीहून केप हॉर्नमार्गे स्पेनला पोहोचलाही होता. म्हणजे शर्यतीपूर्वीच या नौकेने दक्षिण महासागर पाहिला होता.

५. आता आकडे. सुहैली १४ जून १९६८ रोजी फॅल्मथहून निघाली, जोशुआ २२ ऑगस्टला प्लिमथहून. अंतर ६९ दिवसांचे. केप हॉर्न सुहैलीने १७ जानेवारी १९६९ ला ओलांडले, जोशुआने ५ फेब्रुवारीला. अंतर उरले १९ दिवसांचे! एकीला तेथवर २१७ दिवस लागले, दुसरीला १६७.

६. कारण गूढ नाही. पाण्यात बसणारी लांबी जितकी अधिक, तितकी अशा नौकेच्या वेगाची कमाल मर्यादा अधिक. शिवाय म्वातेसिएने इंजिनासकट जड सामान आधीच उतरवले होते. जोशुआ वेगवान होती, हे निर्विवाद.

७. मग ती जिंकली असती का? हॉर्नपासून घरापर्यंत सुहैलीला ९५ दिवस लागले. आधीचेच प्रमाण धरले, तर जोशुआला ७३ लागले असते. म्हणजे ती १९ एप्रिलच्या सुमारास पोहोचली असती. सुहैली पोहोचली २२ एप्रिलला. अटलांटिकच्या लहरी वाऱ्यांत तीन दिवसांचा फरक म्हणजे काहीच नाही. सर्वांत कमी दिवसांचे ५,००० पौंडांचे बक्षीस मात्र जोशुआचेच होते, असे मला वाटते.

८. पण म्वातेसिए परतलाच नाही. मार्च १९६९ मध्ये केप टाउनपाशी त्याने एका जहाजावर गलोलीने चिठ्ठी फेकली, शर्यत सोडली आणि पूर्वेकडे जात जूनमध्ये ताहिती गाठले. म्हणून काही जण म्हणतात, 'सुहैली नशिबाने जिंकली.' हे मत मला मान्य नाही.

९. सुहैलीच्या वाट्याला काय आले ते पाहा. सुरुवातीलाच फळ्यांच्या सांध्यांतून पाणी शिरू लागले. नॉक्स-जॉन्स्टनने श्वास रोखून बुड्या मारल्या, भेगांत कापूस ठासला, वर कॅनव्हास आणि तांब्याची पट्टी ठोकली. रेडिओ बंद पडला. पिण्याचे पाणी नासले. पुढे आपोआप दिशा राखणारे यंत्र मोडले. तेव्हा केवळ शिडांचा तोल साधून नौका स्वतःच मार्ग धरू लागली. ३१२ दिवस ती तरली. हाताने घडलेली वस्तू हातानेच दुरुस्त होते, हा तिचा खरा गुण.

१०. न्यायासाठी हेही नोंदवू : जोशुआचा पुढचा दांडा एका मालवाहू जहाजाच्या धडकेत वाकला, तो म्वातेसिएनेही दोर-कप्प्यांच्या साह्याने भरसमुद्रात सरळ केला. पोलादही हाताला वश होते. पण सांध्यांतून गळण्याची चिंता त्याला नव्हती. कमी साधनांत अधिक निभावले ते सुहैलीने.

११. येथे आपल्याकडील दोन मोह टाळावेत. 'मुंबईच्या नौकेने जग जिंकले' ही घोषणा अर्धसत्य आहे. आराखडा अमेरिकन, पूर्वज नॉर्वेजियन, नाविक ब्रिटिश. उलट ही कथा केवळ एका इंग्रज वीराची मानणे हेही अर्धसत्यच. मुंबईत सागवानी जहाजे बांधण्याची विद्या जुनी आहे. वाडियांनी बांधलेले 'ट्रिंकोमाली' ऑक्टोबर १८१७ मध्ये, म्हणजे खडकीच्या लढाईच्या जेमतेम महिनाभर आधी, येथेच पाण्यात उतरले आणि आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे तरंगते आहे. सुहैली त्याच विद्येची उशिराची, लहानशी खूण आहे.

१२. जोशुआ आज ला रोशेलच्या सागरी संग्रहालयाकडे आहे. सुहैलीही दुरुस्त होऊन पुन्हा पाण्यावर आली. नॉक्स-जॉन्स्टनने ५,००० पौंड शर्यतीत प्राण गमावलेल्या डोनाल्ड क्रोहर्स्टच्या कुटुंबाला दिले. त्याचा मोठेपणा सर्वांना ठाऊक आहे. परंतु त्या सागवानावर वाकस चालवणारे सुतार कोण होते, हे या शर्यतीच्या प्रचलित कथा सांगत नाहीत. किल्ल्याच्या पायथ्याशी आपण गवंड्याचा शोध घेतो ना? मग गोदीतील सुताराचाही घ्यायला हवा.

१३. आपल्यापैकी कोणाचे आजोबा-पणजोबा मुंबईच्या गोद्यांत किंवा कोकणच्या खाड्यांवर नौका बांधत असतील, तर त्यांच्या आठवणी, हत्यारे, छायाचित्रे आजच नोंदवून ठेवा. कोणती नौका श्रेष्ठ, हा वाद पुढेही घालता येईल. ती बांधणाऱ्यांची आठवण सांगणारी माणसे मात्र थांबणार नाहीत.