विकता न येणारं नाणं

बँक नको, दलाल नको; विकेंद्रित बाजारात कुणीही काही मिनिटांत नवं टोकन काढून विकायला मांडू शकतं. ऐकायला समतेचंच वाटतं! पण नोव्हेंबर २०२१ मध्ये 'पॅनकेकस्वॅप'वर 'स्क्विड' टोकनचा भाव २,८०० डॉलरच्या वर चढला आणि काही मिनिटांत शून्याजवळ आला. घेणाऱ्यांना ते विकताच येत नव्हतं. काढणारे निनावी, पैसा घेऊन पसार. व्यवहाराची वही सर्वांसमोर उघडी असते खरी, पण बचतगटासारखी त्यात नावं नसतात. आपल्याकडे २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर आहे. एका टोकनातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजाही होत नाही. तेव्हा घरात असली खरेदी निघाली, तर पैसे कुणाच्या खात्यातले आणि वॉलेटची किल्ली कुणाकडे राहणार, हे आधी विचारा.