विश्लेषण : जर्मन बॅज असली की नकली? भिंगाआधी पुरावा मागा

पनवेलहून हार्बर लोकल पकडायची, सँडहर्स्ट रोडला उतरायचे आणि चोर बाजारातील मटण स्ट्रीट गाठायची, ही जुन्या वस्तूंच्या शौकिनांची ठरलेली वाट. आता तेवढे कष्टही नकोत. लोकलमध्ये बसल्या जागी मोबाइलवर जाहिरात दिसते : 'ओरिजिनल जर्मन इनॅमल बॅज, दुसरे महायुद्ध, आजोबांच्या संग्रहातून.' फोटो झकास, शेवटचा एकच नग आणि पैसे लगेच पाठवायचे. चोर बाजारात निदान वस्तू हातात घेऊन पाहता येते. इथे पैसे आधी जातात आणि वस्तू नंतर येते. कधी कधी येतही नाही.

इनॅमल बॅज म्हणजे नेमके काय?

आपल्याकडच्या दागिन्यांवरचे मीनाकाम आठवा. तत्त्व तेच. तांब्याच्या किंवा तांबे-जस्ताच्या मिश्रधातूच्या पत्र्यावर ठशाने नक्षी उठवतात. खोलगट भागात रंगीत काचेची पूड भरून भट्टीत साधारण ८०० अंश सेल्सिअसला भाजतात. काच वितळून धातूला घट्ट धरते. मग पृष्ठभाग घासून सपाट करतात आणि शेवटी मुलामा देतात. जर्मनीत क्रीडा संघटना, मोटार क्लब, कामगार संघटना, सैन्य आणि राजकीय पक्ष अशा सगळ्यांसाठी असे बॅज बनत. ल्युडेनशाइड हे गाव तर बटणे आणि बॅजच्या कारखान्यांसाठीच ओळखले जाई.

काच की प्लास्टिक, कसे ओळखायचे?

स्वस्त नकलांमध्ये काचेऐवजी रंग किंवा इपॉक्सी भरलेले असते. सराफाकडे असते तसे दहापट मोठे दाखवणारे भिंग घ्या. खऱ्या इनॅमलमध्ये बारीक बुडबुड्यांचे खड्डे, केसासारख्या चिरा आणि घासल्याच्या खुणा दिसू शकतात. तुटलेली कड काचेसारखी धारदार असते. नखाने दाबल्यावर खूण उठली किंवा रंग फुगीर थेंबासारखा बसलेला दिसला, तर सावध व्हा. अनेक इपॉक्सी अतिनील टॉर्चखाली चमकतात, तोही एक इशारा.

लोहचुंबकाच्या चाचणीवर मात्र फार विसंबू नये. तांबे, पितळ आणि जस्त यांपैकी काहीच चुंबकाला चिकटत नाही. त्यामुळे चुंबक लागला नाही म्हणजे वस्तू खरी, असे होत नाही.

मागचे शिक्के काय सांगतात?

इथे तारखा कामाला येतात. 'डीआरजीएम' ही नोंदणीकृत नमुन्याची खूण १८९१ च्या जर्मन कायद्यानंतरची. ती १८८० च्या म्हणवल्या जाणाऱ्या बॅजवर असेल, तर गोष्ट जुळत नाही. 'आरझेडएम' हे नाझी पक्षाच्या साहित्यावर नियंत्रण ठेवणाऱ्या कचेरीचे चिन्ह. ते कैसरच्या काळातील वस्तूवर असूच शकत नाही. 'वेस्ट जर्मनी' असे लिहिलेली वस्तू १९४९ ते १९९० च्या दरम्यानचीच धरायला हवी.

अर्थात शिक्का चुकीचा असेल तर वस्तू बाद ठरते, पण शिक्का बरोबर असला म्हणून ती खरी ठरत नाही. शिक्काही नकली मारता येतो.

मग खरी अडचण कुठे आहे?

काचेचे इनॅमल आजही बनते. युद्धानंतर काही जुन्या नमुन्यांचे बॅज पुन्हा पाडले गेले. त्यांत धातू खरा, काच खरी, कामही चांगले. खोटी असते ती फक्त सांगितलेली तारीख. अशा वेळी भिंग हात टेकते. म्हणूनच बॅज कोणाचा होता, कुठून आला आणि कोणाकडून कोणाकडे गेला, याचा माग हाच सर्वांत भक्कम पुरावा आहे. 'आजोबांच्या संग्रहातून' एवढे म्हणणे म्हणजे माग नव्हे. आजोबा कोण, कोणत्या पलटणीत, कोणत्या साली, याचे उत्तर मिळायला हवे.

महाराष्ट्रात असा माग मिळेल का?

नक्कीच मिळू शकतो. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तिथे देशी खेळांची प्रात्यक्षिके केली होती. दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणी इटलीत जर्मन फौजांशी लढल्या. पनवेल ज्या रायगड जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यातील माणगाव तालुक्याचे यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत जर्मन मशिनगनच्या ठाण्यावर एकट्याने चाल करून गेले आणि धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. सांगलीचे मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ मध्ये जर्मनीतील हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्याचे सुवर्णपदक जिंकले.

या वाटांनी एखादा जर्मन बॅज इथल्या ट्रंकेत येऊन पडला असेल, तर त्यात नवल नाही. पण सोबत पत्र, फोटो किंवा सेवापुस्तिका नसेल, तर तो भंगारात आणि बनावट मालात सारखाच दिसतो. नकली मालाचे खरे नुकसान हेच. घेणाऱ्याचे पैसे बुडतात आणि खऱ्या सैनिकाच्या घरातील खऱ्या वस्तूवरही कोणी विश्वास ठेवत नाही.

नाझी चिन्ह असलेले बॅज ठेवावेत का?

जर्मनीत नाझी चिन्हांच्या जाहीर प्रदर्शनावर बंदी आहे. १९५७ च्या तिथल्या कायद्याने युद्धातील सन्मानचिन्हे हे चिन्ह काढून लावण्याची मुभा दिली. त्यामुळे चिन्ह नसलेला बॅज बनावटच असतो असे नाही, तो नंतरचा असू शकतो. आपल्या उंबऱ्यावरच्या मंगल स्वस्तिकाशी या चिन्हाचा अर्थ जोडू नये. लाखो ज्यूंच्या कत्तलीची ती खूण आहे. इतिहासाचा पुरावा म्हणून ती जपावी, शर्टावर मिरवू नये.

घेण्याआधी काय करावे?

पुढची, मागची आणि पिनेची बाजू दाखवणारे ताजे फोटो मागा. मालकीचा माग लेखी घ्या. वस्तू पाहण्याआधी आगाऊ रक्कम पाठवू नका. फसवणूक झालीच तर तातडीने १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करा. १०० वर्षांहून जुन्या ऐतिहासिक वस्तूंना १९७२ चा पुरावशेष कायदा लागू होतो आणि त्या खासगी व्यक्तीला परदेशी पाठवता येत नाहीत, हेही लक्षात असू द्या.

आणि घरात असा बॅज आधीच असेल तर? त्याला चिंच, लिंबू किंवा पॉलिश लावू नका, जुनी झळाळी आणि खुणा दोन्ही जातील. घरातील वडीलधाऱ्यांना तो कुठून आला ते विचारा, मोबाइलवर त्यांचे बोलणे रेकॉर्ड करा आणि नाव-साल लिहिलेली चिठ्ठी बॅजसोबत ठेवा. बॅजची पारख पुढेही कधी करता येईल. सांगणारी माणसे मात्र तोवर असतीलच असे नाही.